गव्हाळीचं कडवं

गुरुवारपासून धुरपताबाईंनी घरात एकही भांडं कोरडं ठेवलं नव्हतं. रांजण भरला, घागरी भरल्या, बादल्या भरल्या, शेवटी पिठाचा रिकामा डबा घासून त्यातही पाणी ओतलं. शुक्रवारी रेडिओवर बातमी आली, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, आणि गंगाखेडची त्यांची सगळी गल्ली रस्त्यावर उतरून नाचली. धुरपताबाई तेव्हाही हापशावर होत्या. शेजारीण पेढा घेऊन आली. त्यांनी तो तोंडात टाकला, पण हापशाचा दांडा सोडला नाही.

"आता कामून भेता मावशी? सोळा वर्षांनी नाव लागलं."

"अठ्ठ्याहत्तरात नावाचा ठराव झाला तवाबी आदी पेढेच वाटले होते," धुरपताबाई म्हणाल्या.

आज शनिवार होता. अंगणात भुजंग, त्यांचा धाकटा, जीपच्या टपावर दोन कर्णे बांधत होता. नांदेडहून आणलेला नवा अँप्लिफायर ओट्यावर उघडा होता. मधूनच तो बेंजोची तार छेडायचा, कर्ण्यातून कर्कश आवाज गल्लीभर जायचा आणि धुरपताबाईंच्या छातीत धस्स व्हायचं. उद्या दुपारी घरच्या गायनपार्टीचा कार्यक्रम होता आणि तो गव्हाळीत होता.

गव्हाळी म्हणजे त्यांचं गाव. गोदावरीच्या, इथल्यांच्या गंगेच्या, अलीकडे, इथून अकरा मैलांवर. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, ठरावानंतरच्या जाळपोळीत, तिथलं त्यांचं घर जळालं, आणि त्यानंतर त्यांच्या, उजगऱ्यांच्या, घरातलं कुणीही त्या शिवेत पाऊल टाकलेलं नव्हतं.

तेव्हा पार्टी म्हणजे धुरपताबाईंचे नवरे, एकटे आश्रुबा होते. एक पेटी, एक दिमडी आणि त्यांचा आवाज. गंगाखेडला आल्यावर थोरल्या दत्तरावांनी ढोलक धरली, सून कुसुमबाई झांज वाजवू लागली, भुजंग मोठा होऊन बेंजोवर बसला. पण पार्टी चालली ती लेकीमुळे, पंचफुलेमुळे. श्याऐंशी साली नांदेडला पहिली कॅसेट निघाली तिच्या आवाजात, आणि त्या वर्षीच्या एप्रिलात बावीस गावांनी बोलावलं. किनवटपासून जालन्यापर्यंत जीप फिरली. जयंतीचा महिना आला की घरातली माणसं जीपमध्येच झोपायची, जिथं मिळेल तिथं भाकरी खायची. गाणाऱ्या बाईला नांदवायचं नाही म्हणून नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिली, त्या दिवशीसुद्धा पंचफुला पालमला चार तास गायली होती. लोक तिच्यासाठी येऊ लागले. आश्रुबांकडे सुरुवातीची वंदना तेवढी उरली.

पण कार्यक्रमाआधी भुजंग माईकवर बापाचीच कथा सांगायचा. "जळत्या घरातून पोटच्या लेकरासारखी पेटी छातीशी धरून आणणारे शाहीर आश्रुबा उजगरे!" टाळ्या पडायच्या. आश्रुबा मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, काय हा माणसाचा नम्रपणा.

धुरपताबाई त्या वेळी कधी मंडपात थांबत नसत. काही ना काही आणायला म्हणून उठून जात.

---

दत्तराव कुसुमबाईला घेऊन दुपारी बाराच्या एस.टी.नं उतरले. सोनपेठकडच्या एका खेड्यात ते शाळेवर मास्तर होते. ढोलक त्यांनी गोधडीत गुंडाळून, अंथरूण वाटावं अशी सुतळीनं बांधून आणली होती. वाटेत दोन फाट्यांवर पोलिसांच्या गाड्या उभ्या दिसल्या. बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेजारच्या माणसानं "कुठं निघालाव?" एवढंच विचारलं, तर दत्तरावांच्या तोंडून "आजारी माणसाला बघायला" असं निघून गेलं. कुसुमबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर आणखी पुढं ओढला. 

"कार्यक्रम रद्द करा," पाणी प्यायच्या आधीच ते म्हणाले.

"दादा, तिथं आपली नऊ घरं उरलेत," भुजंग म्हणाला. "त्यांनी पोलीस पाटलाला सांगून दिवसाउजेडीची परवानगी घेतली. आता त्यांनाच एकटं सोडायचं?"

"महिनाभर थांबू म्हणतो मी. लोकांची डोकी थंड होऊ दे."

"थंड झाल्यावर गाऊन काय उपयोग? नवं गाणं गव्हाळीसाठीच बांधलंय मी."

ते गाणंच घरातल्या भांडणाचं मूळ होतं. महिन्याभरापासून त्यावरून तालमी मोडत होत्या. गाण्यात सात गावं होती, जळालेली, आणि प्रत्येक गावाचं एक कडवं. धृपद सगळ्यांनाच आवडलं होतं:

सांग गं माये, गाव तुझं कोणतं,
राखेत निजलं, नाव तुझं कोणतं.

भुजंगला ते जलद चालीत हवं होतं, बेंजो कडाडला पाहिजे, ऐकणाऱ्याच्या छातीत घुमलं पाहिजे. दत्तरावांचं म्हणणं, शब्द ऐकू आले पाहिजेत, नाही तर गावांची नावं घ्यायची कशाला? पण पंचफुलेचं भांडण चालीशी नव्हतं. सहा कडवी ती म्हणायची. सातव्याला पेटीचा भाता बंद करायची.

आताही भुजंगनं तेच काढलं. "अक्का, तूच सांग. हे कडवं गव्हाळीत न्हाई म्हणायचं तर कुठं म्हणायचं?" आणि त्यानं ते म्हणूनच दाखवलं:

गव्हाळीच्या माथी जाळ नाचला,
बापाच्या डोईवर सूर वाचला.

पंचफुला भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तीस वर्षांची बाई, आवाज एवढा मोठा, पण घरात बोलायची अगदी हळू. "बाकीची सहा म्हणते. हे न्हाई."

"कामून पण?"

"न्हाई म्हणलं ना."

"शब्द वाईट हायेत का?"

"शब्द चांगले हायेत."

भुजंग बापाकडे वळला. आश्रुबा कोपऱ्यातल्या बाजेवर बसले होते, अंगावर घोंगडी. "आबा, तुमी बोला. तुमचीच कथा हाय ती."

आश्रुबांनी घोंगडीचं टोक मुठीत धरलं. मग म्हणाले, "जाऊ नका. कडव्याचं सोड. गव्हाळीलाच जाऊ नका कुणी."

भुजंग पाहतच राहिला. ज्याच्या नावानं पार्टी चालते तो माणूस असं बोलतो? दत्तरावांना बरं वाटायला हवं होतं, बाप त्यांच्याच बाजूनं बोलत होता. पण त्यांनी म्हाताऱ्याचे हात पाहिले. घोंगडीचं टोक त्यांनी इतकं घट्ट पिळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. ही उद्याची भीती नव्हे, असं दत्तरावांच्या मनात आलं. ही कसली तरी जुनी भीती आहे.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

"आश्रुबा हायेत का घरी?"

धुरपताबाईंनी आवाज ओळखला आणि बादलीच्या कडीवर हात ठेवला. दारात माणिकराव उभा होता. गव्हाळीचा, चाळीस एकरांचा मालक. अठ्ठ्याहत्तरात तो बावीस-तेवीस वर्षांचा होता, आणि रॉकेलचा डबा घेऊन निघालेल्या पोरांमध्ये तो होता हे या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तेव्हा तो बापाच्या वयाच्या आश्रुबांना 'आश्र्या' म्हणून हाक मारायचा. आज केस कानांवर पांढरे झाले होते.

"एकलाच आलोय," तो म्हणाला. कुणी काही न विचारता.

भुजंगनं हातातला पाना खाली ठेवला नाही. दत्तरावांनीच पुढं होऊन खुर्ची दिली. कुसुमबाईनं पाण्याचा तांब्या आणला. माणिकराव क्षणभर थांबला आणि त्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं.

"आई लय थकली," तो म्हणाला. "डोळ्यांनी दिसत न्हाई आता. तुमची पार्टी येणार कळल्यापासून एकच लावलंय तिनं, पंचफुलेचं गाणं ऐकायचंय. निरोप सांग म्हणली, सांगितला. माझं म्हणणं इचाराल तर येऊ नका."

"ही धमकी समजायची का?" भुजंगनं विचारलं.

"काय समजायचं ते समजा. गावात पंधरा-वीस पोरं तापलेत. मी एकाला धरीन, दोघांना धरीन. सगळ्यांना धरायची ताकत न्हाई माझ्यात." तो उठला, दाराशी गेला आणि परत वळला. आवाज खाली आला. "आन् आलातच, तर गाण्यात आमच्या घराचं काही येऊ देऊ नका. गावाला आजूक माहीत न्हाई."

"तुमच्या घराचं?" भुजंग हसला. "तुमच्या घराचं आमच्या गाण्यात काय यायचंय?"

माणिकरावनं पंचफुलेकडे पाहिलं. "ह्यांना सांगितलं न्हाई?"

तिनं मान हलवली. तो आणखी काही न बोलता निघून गेला.

---

मोटारसायकलचा आवाज विरला. तांदळाचं सूप पंचफुलेनं बाजूला सारलं. पहिलं बोलल्या त्या धुरपताबाई.

"बोलू नगं फुले."

"सोळा वर्षं बोलले न्हाई, माय."

"आजबी नगं. तुझ्या पाया पडते."

"मग उद्या त्यांच्यासमोर म्हणू का हे कडवं? त्या बाईला ऐकवू?" पंचफुलेनं भावांकडे पाहिलं. दत्तराव तेव्हा परभणीला शिकायला होते. भुजंग पाच वर्षांचा, आईच्या पाठीवर. दोघांनाही घरात सांगितली तीच कथा माहीत होती.

"आरडाओरडा झाला तवा माय तुला घेऊन बायकांसंग ज्वारीतनं पुढं गेली," ती भुजंगला म्हणाली. "मी आबांसंग होते. आबांनी माझा हात धरला होता. दारापर्यंत आलो, छपराला जाळ लागला होता. तिथं आबा थांबले. माझा हात सोडला, आत गेले, दोन्ही हातांनी पेटी उचलली आन् मागच्या दारानं गेले. मी म्होरल्या दारात उभी होते. मला वाटलं येतील."

भुजंगच्या हातातला पाना खाली पडला.

"मालनकाकूनं मला वाटेतनं ओढलं. माणिकरावच्या आईनं. त्यांच्या गोठ्याच्या भुसाऱ्यात, भुशाच्या ढिगाआड, दोन दिवस ठेवलं. हा माणिकराव तवा आमची घरं जाळून घरी येऊन जेवायचा आन् मी भिंतीपलीकडं होते. त्यालाबी तिसऱ्या दिवशी कळलं. मग मायलेकाचं काय झालं ते मला माहीत न्हाई. पण त्यानंच बैलगाडीत कडब्याखाली घालून मला गंगाखेडच्या रस्त्याला आणून सोडलं."

चौदा वर्षांची पोर होती तेव्हा ती. दत्तरावांना आठवलं, ते परभणीहून धावत गंगाखेडला आले तेव्हा पंचफुला घरात होती, नुसती बोलत नव्हती. भीतीनं वाचा बसली, असं आईनं सांगितलं होतं.

"माय, तुला माहीत होतं?" दत्तरावांनी विचारलं.

"पोरगी यांच्यासंग हाय म्हणून मी पुढं गेले रे," धुरपताबाई म्हणाल्या. "गंगेच्या काठाला हे आले, डोक्यावर पेटी. मी इचारलं, फुला कुठंय? तर माझ्याकडं बघितलं आन् खालीच बसले. मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर हा माणूस गंगेत गेला असता. मग ती परत आली. जिती आली. म्हणलं, झाकून टाकू."

आश्रुबांनी घोंगडी तोंडावर ओढून घेतली होती. 

भुजंग एकदम उठला. अँप्लिफायरची वायर त्यानं ओढून काढली. "न्हाई जायचं उद्या. कुणीच न्हाई जायचं. दोनशे गावांत मी माईकवर सांगितलं. पोटच्या लेकरासारखी पेटी! मी सांगितलं, आन् अक्का तू तिथंच बाजूला बसून ऐकलंस!"

"तुला कुठं माहीत होतं?"

"आता कोणत्या तोंडानं वाजवू?"

"नको वाजवू. मी जाणार," पंचफुला म्हणाली. "त्या बाईनं मला ऐकायचं म्हणलंय. तुमी आलात तर बरं. न्हाई तर मी एकटी पेटीवर गाईन."

मग दत्तराव बोलले, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ढोलक लपवून आणणारा हा माणूस. नोकरीची भीती, पोलिसांची भीती, पोरांच्या दगडांची भीती, यातली एकही कमी झालेली नव्हती. 

"तवा ती एकटी होती," ते म्हणाले. "उद्या एकटी जायची न्हाई. कुसुम, झांज घे."

---

रविवारी सकाळी जीप निघायच्या वेळी आश्रुबा बाहेर आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. कुणाला न विचारता मागच्या बाकावर चढून बसले. कुणी 'या' म्हटलं नाही की 'उतरा' म्हटलं नाही. भुजंगनं जीप चालू केली. रात्रभर तो झोपला नव्हता, पण आला होता.

धुरपताबाई घरीच राहिल्या. भरलेल्या बादल्यांजवळ.

पंचफुला पुढं बसली होती. तुरीच्या शेतांमधून रस्ता जात होता. शेतात माणसं होती, जीप दिसली की ती वाकलेली सरळ व्हायची आणि जीप जाईपर्यंत तशीच राहायची. गव्हाळीच्या अलीकडे ओढ्याच्या पुलावर रस्त्यात एक बैलगाडी आडवी होती. जवळ माणूस नव्हता. भुजंगनं ब्रेक लावला. इंजिन धडधडत राहिलं.

"हॉर्न देऊ नगस," दत्तराव पुटपुटले.

तुरीतून एक म्हातारा धोतराचा काष्टा सावरत आला, शांतपणे बैल जुंपले आणि गाडी बाजूला घेतली. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जीप पुढं गेली तेव्हा कुसुमबाईला हुंदका फुटला. तिनं पदर तोंडात कोंबला.

नऊ घरांसमोर पांढरं कापड बांधलं होतं. बायका, पोरं, शेजारच्या दोन गावांतून आलेली माणसं, मिळून दीडशे असतील. कडेला दोन पोलीस होते, एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. समोर, गावाच्या बाजूला, पडक्या बांधावर पोरं बसली होती. पंचफुलेनं मोजायचं नाही असं ठरवलं, पण मोजलीच. सतरा. आणि गल्लीच्या तोंडाशी माणिकराव उभा होता. त्यांच्याकडे पाठ, गावाकडे तोंड.

भुजंगनं माईक हातात घेतला. दरवेळची कथा ऐकायला लोक सरसावून बसले. त्यानं दोनदा घसा साफ केला.

"जयभीम," तो म्हणाला. "आश्रुबा उजगरे आणि पार्टी, गंगाखेड. गाण्याला सुरुवात करतो." आणि माईक खाली ठेवला.

आश्रुबा जीपमधून उतरलेच नव्हते. वंदना पंचफुलेनं म्हटली. मग दोन जुनी गाणी. बांधावरून कुणी शीळ घातली, कुणी हसलं. तिच्या पाठीवरून घाम उतरत होता, जानेवारीतल्या गार वाऱ्यात. तिनं नवं गाणं धरलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्येच खट्ट आवाज होऊन कर्णा मुका झाला.

लाईट गेली होती. की कुणी काढली होती?

दीडशे माणसं एकाच वेळी मागं वळली. एका बाईनं पोर उचलून काखेला मारलं. बांधावरची पोरं उठून उभी राहिली. भुजंग जीपच्या बॅटरीला वायर जोडायला धावला, पण चिमटा काही लागेना. "जोडतो, जोडतो," तो म्हणत राहिला.

ढोलक थांबली नव्हती. पंचफुलेनं वळून पाहिलं. दत्तरावांनी डोळे मिटले होते, चेहरा चुन्यासारखा पांढरा, आणि हात चालूच. तिनं पेटीचा भाता ओढला आणि नुसत्या गळ्यानं चौथं कडवं म्हटलं. आवाज पुरेना म्हणून माणसं सरकत सरकत जवळ आली. पाचवं. सहावं. दर कडव्याला एक गाव.

मग सातव्याची जागा आली. समोरची नऊ घरं वाट पाहत होती, आता आपल्या गावाचं नाव येणार. गल्लीच्या तोंडाशी माणिकरावची पाठ ताठ झालेली तिला दिसली. मालनकाकूचं नाव घेतलं तर उद्या गाव त्या म्हातारीला काय म्हणेल? बापाचं कडवं म्हटलं तर ते खोटं. ती गप्प राहिली. ढोलक एक आवर्तन वाजली, दोन वाजली. दत्तरावांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि ठेका तसाच धरून ठेवला. भुजंगनं वायर सोडून दिली, येऊन बसला आणि बेंजोवर नुसती धृपदाची चाल हळू छेडली. तालमीत महिनाभर त्यानं इतकं हळू कधी वाजवलं नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मग धृपद पंचफुलेनं नाही, समोरच्या बायकांनी उचललं.

बांधावरून एक ढेकूळ आलं, कापडावर आदळून फुटलं. मातीचंच होतं. पोलिसानं काठी उगारली आणि माणिकराव ओरडला, "बास! लेकरं बसलेत खाली!" त्याच्या आवाजातही भीती होती. पोरं काही वेळ उभी राहिली. मग त्यातली दोन-तीन उतरून गावात गेली. बाकीची बसली.

गाणं संपलं तेव्हा चार वाजले होते. सामान भरता भरता माणिकराव पंचफुलेजवळ आला. "आईनं बोलावलंय. गाणं वाऱ्यासंग आलं म्हणली, पण सगळं ऐकू आलं न्हाई." मग जीपकडे पाहत म्हणाला, "आन् बापाला घेऊन ये म्हणली."

---

जीपपासून मालनबाईच्या दारापर्यंत दोनशे पावलं असतील. आश्रुबा ती चालले. पुढं माणिकराव, मागं पंचफुला, मध्ये ते. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं होती. याच गल्लीतून ते लहानपणी चपला हातात घेऊन गेले होते. आता चपला पायांत होत्या. कुणी हाक मारली नाही, कुणी शिवी दिली नाही. ती शांतताच त्यांना सहन होईना. मागून धावत कुणी येतंय असं सारखं वाटत होतं.

मालनबाई दाराशी खाटेवर बसली होती. डोळ्यांवर पांढरा पडदा. पंचफुलेनं तिच्या गुडघ्यांना हात लावला आणि म्हातारीनं तिचं तोंड चाचपून पाहिलं, गाल, कपाळ, हनुवटी.

"भरलीस गं," ती म्हणाली. "त्या येळी नुसती हाडं होती." मग मान वर केली. "तू आलास का आश्रुबा?"

 "आलो," ते म्हणाले.

"लय उशीर केलास. पोरगी दोन दिस भुसाऱ्यात होती. बाहेर पाऊल वाजलं की इचारायची, आबा आले का? मी म्हणायची, येतील. तिसऱ्या दिवशी तिनं इचारलंच न्हाई. तवा मला भ्या वाटलं. जाळपोळीचं एवढं वाटलं नव्हतं."

आश्रुबा तिथंच दारात खाली बसले. "आलो होतो," ते म्हणाले.  "दुसऱ्या दिवशी आलो होतो, बाई. ओढ्यापर्यंत. झाडाआड उभा राहिलो. धूर दिसत होता. माणसं दिसत होती. पाय उचलंना. दिवस मावळेपर्यंत उभा होतो, आन् परत गेलो."

पंचफुला बापाकडे पाहत राहिली. "हे कधी सांगितलं न्हाई तुमी."

"काय सांगू? पोचलोच न्हाई, हे सांगू?"

 मालनबाईच्या पायांशी बसून पंचफुलेनं सहाही कडवी हळू आवाजात पुन्हा म्हटली. म्हातारी डोलत ऐकत राहिली. माणिकराव आत गेला आणि बाहेर आला नाही.

परत निघाले तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. गल्ली तशीच भरलेली. बांधावरची ती पोरं आता कोपऱ्यावर येऊन उभी होती. अर्ध्या वाटेत आश्रुबांना दम लागला. भिंतीचा आधार घेत ते कुणाच्या तरी ओट्याच्या पायरीवर टेकले, आणि कोणाच्या पायरीवर बसलो हे ध्यानात येताच घाईनं उठायला लागले. उठता येईना.

"तू हो पुढं," ते धापा टाकत म्हणाले. "जीपकडं जा. पोरं बघायलेत. तू जा फुला."

कोपऱ्यावरून एक पोरगा दोन पावलं पुढं आला.  पंचफुलेनं पदर खोचला आणि ती बापाच्या समोर, गल्लीच्या मधोमध उभी राहिली, त्या पोरांकडे तोंड करून.

"बसा आबा," ती म्हणाली. "दम खा. मी हाय हितं."